अडसरापलीकडे

दीपनगर, ता. भुसावळ

चि. भाऊस,

अंगवळणी पडलेली हतबलता म्हणजे आळस नव्हे. काहीही केले तरी त्रास थांबत नाही, हा अनुभव पुन्हा पुन्हा आला की पुढे वाट मोकळी असतानाही माणूस जागचा हलत नाही. अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967 साली कुत्र्यांवर हे दाखवले. प्रयोग क्रूर होता, हे सांगायलाच हवे. काही कुत्र्यांना विजेचे झटके डोक्याने पट्टी दाबून थांबवता येत होते. काहींना तेवढेच झटके बसले, पण थांबवणे त्यांच्या हाती नव्हते. पुढे ठेंगणा अडसर ओलांडून सुटता येत असताना पहिली कुत्री उडी मारून गेली, दुसऱ्यांपैकी बहुतेक कण्हत पडून राहिली. हाका मारून ती उठेनात. गळ्याला दोरी बांधून त्यांना पलीकडे ओढत न्यावे लागले, तेही अनेकदा. मग ती आपण होऊन उड्या मारू लागली.

हतबलता शिकली जाते, हे आपले जुने म्हणणे याच दोघांनी 2016 मध्ये उलटे केले. दीर्घ त्रासात गळून पडणे ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावे लागते ते नियंत्रण. म्हणूनच 'हिंमत धर' हा उपदेश खचलेल्याला लागू पडत नाही. आपल्या हाताने घडलेला बदल त्याला दिसावा लागतो, मग तो कितीही लहान असो.

खानदेशात याचे उदाहरण साक्री तालुक्यातले बारीपाडा. डोंगर उघडे पडलेले, पाण्याची टंचाई, कामासाठी गाव सोडणारी माणसे. पाऊस पाडणे कोणाच्याच हाती नव्हते. कुऱ्हाड थांबवणे आणि पडलेले पाणी अडवणे मात्र होते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने एवढेच धरले. वृक्षतोडीचे नियम गावाने स्वतः केले, दंड स्वतः ठरवला, राखणही स्वतःच केली; श्रमदानातून बांध घातले. बाहेरून लादलेल्या बंदीने हे साधले नसते, कारण तिच्यात गावाचा हात कुठेच नसता. पवारांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्याआधीच सुमारे 1100 एकरांवर जंगल उभे राहिले होते आणि टंचाईचे बारीपाडा शेजारच्या गावांना पाणी देत होते.

तुझा,
दादा