कारध्याचा लहान पूल

नागपूरहून रायपूरच्या वाटेला लागलं की साठेक किलोमीटरवर भंडारा येतं आणि शहर ओलांडताच वैनगंगा आडवी येते. महामार्गाच्या मोठ्या पुलावरून वाहनं सुसाट पलीकडे जातात. मी वळलो तो ब्रिटिशकालीन जुन्या पुलाकडे. भंडारेकरांचा हा ‘लहान पूल’ शहराला पलीकडच्या कारध्याशी जोडतो.

एकोणिसाव्या शतकात नागपूर-रायपूर हा ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ इथूनच जात होता. पुढे रेल्वे आली, पण स्टेशन झालं शहरापासून दूर, वरठीला. त्यामुळे लाखनी-साकोलीकडच्या धानपट्ट्याची मदार सडकेवरच राहिली. पूल नसेल तिथे डोंगा हाच आधार.

पूल ठेंगणा आहे. पाण्याच्या पातळीवर उभं राहून नदी पाहावी, तसं इथे वाटतं. खांबाला अडकलेलं तणीस आणि वाळलेला गाळ मागच्या पुराची खूण सांगत होते. वैनगंगा उगम पावते सातपुड्यात, शिवनी जिल्ह्यातल्या मुंडाऱ्याजवळ. तिकडच्या डोंगरात पाऊस कोसळला की इकडे पाणी चढतं. कारध्याला धोक्याची पातळी 245.50 मीटर. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि भंडाऱ्यातल्या वस्त्यांत पुराचं पाणी शिरलं. अशा वेळी हा पूल बुडतो, वाहतूक थांबते आणि पूर ओसरला की तो पुन्हा वर येतो.

तिथून मी आंभोऱ्याला गेलो. वैनगंगा-कन्हानच्या या संगमावर चैतन्येश्वराचं देऊळ आहे. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधू’ इथेच रचला, अशी या भागातली श्रद्धा. खाली गोसेखुर्दचं अथांग पाणी. 1988 साली पायाभरणी झालेल्या या धरणाने नदीचं पात्रच पालटलं. त्या पाण्यावरून 2024 मध्ये खुला झालेला केबलचा पूल झेपावतो. वरून दिसणारं दृश्य डोळे निववतं, पण नदी फार खाली राहते.

नदीची नाडी कळते ती लहान पुलावरच. तो आता थकला आहे. अवजड वाहनांचा भार त्याच्यावर टाकू नये, पण जीर्ण झाला म्हणून पाडूही नये. डागडुजी करून तो पायी चालणाऱ्यांसाठी राखावा. भंडाऱ्याला याल तर हिवाळ्यात या आणि तो पायीच ओलांडा. पावसाळ्यात मात्र पुलावर पाणी असताना पाऊल टाकू नका.