आधी रस्ता, मग संस्था

पुणे,
रविवार

प्रिय मित्रा,


आपल्या सायकल क्लबचं सचिवपद तू घेतलंस, फार बरं वाटलं. वार्षिक राईडनंतर शिल्लक राहिलेले पैसे कोणत्या संस्थेला द्यायचे, यावरून सभेत दरवर्षी ओढाताण होते. अर्ज पुष्कळ, रक्कम मोजकी आणि काम प्रत्येकाचंच चांगलं. ‘मग ठरवायचं कशावरून?’ असं तू विचारलंस. मला जे मनापासून वाटतं ते लिहितो.

पहिला निकष रस्त्याचा. वर्षभर आपण चांदणी चौकातून निघतो आणि भूगाव, पिरंगुट, पौड करत मुळशीला जातो. पावसाळ्यात ताम्हिणी गाठतो. त्या गावांत आपण पाण्याच्या बाटल्या भरून घेतो, टपरीवर चहा-पोहे खातो, पंक्चर झालं तर कोणाच्या तरी ओसरीवर बसून काढतो. त्या लोकांचं आपण देणं लागतो. देशभर नाव असलेल्या मोठ्या संस्थेला दिलेली आपली रक्कम तिच्या ताळेबंदात दिसणारही नाही. तीच रक्कम कातकरी वस्तीत मुलांचा अभ्यास घेणाऱ्या एखाद्या छोट्या संस्थेला मिळाली, तर तिथल्या ताईंचं मानधन थांबत नाही. आपल्या पैशाने जिथे काही चालू राहतं, तिथेच तो द्यावा.

बाबा आमट्यांनी 1985 मध्ये तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढली, ती सायकलवरून. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना स्वतःला गाडीतून आडवं पडून जावं लागत होतं, पण तरुण सायकलवरच होते. सायकलस्वाराला गाव चुकवून पुढे जाता येत नाही, माणसं भेटतातच. आपल्या क्लबने दानाचा विचारही त्या भेटीतूनच करावा.

दुसरा निकष असा, की गरज कोणी सांगितली? सायकल क्लब म्हटला की ‘मुलींना सायकली वाटू या’ ही सूचना येणारच, आणि ती चांगलीच आहे. बिहारमध्ये 2006 पासून नववीतल्या मुलींना सरकारने सायकलीसाठी पैसे दिले. त्यामुळे माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण वाढलं, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमात निवडक तालुक्यांतल्या गरजू विद्यार्थिनींना सायकली मिळतात. पण सायकल हाती आल्यावर पुढे तिचं काय होतं, ते एखाद्या खेड्यातल्या शाळेच्या शेडमध्ये जाऊन बघ. कुठे वॉल्व्ह गेलेला, कुठे ब्रेकचं रबर झिजून लोखंड रिमला घासतंय, कुठे चेन गंजून काठीसारखी ताठ झालेली. दुरुस्तीचं दुकान जवळपास नाही, म्हणून सायकल भिंतीला टेकलेली आणि मुलगी पुन्हा पायी. अशा शाळेला आणखी चार सायकलींपेक्षा हवेचा पंप, पान्यांचा संच, पॅच आणि सोल्यूशन जास्त उपयोगी पडेल. त्याहून उपयोगी पडतील ते महिन्यातून एकदा जाऊन मुलींना पंक्चर काढायला शिकवणारे आपले सभासद. आपल्याला काय द्यायचंय हे ठरवून गेलो, तर हे कळत नाही. तिथल्या बाईंना आणि मुलींना विचारलं की कळतं.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र भिडस्तपणा नको. संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, 1950 खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, लेखापरीक्षण झालेले हिशेब आहेत का, ते बघायचंच. देणगी चेकने थेट संस्थेच्या खात्यात द्यायची आणि पावती घ्यायची. देणगीवर आयकरात सवलत हवी असेल, तर 2,000 रुपयांवरची रोख देणगी चालत नाही. आपण लोकांकडून निधी गोळा करतो, त्यालाही नियम आहेत. गणेश मंडळं वर्गणीसाठी ज्या कलम 41 क खाली परवानगी काढतात, ते आपल्या राईडला कसं लागू होतं, हे वकिलांना आधीच विचारून घे. हिशेब मागणं म्हणजे अविश्वास नव्हे. ज्यांनी उन्हातान्हात सायकल चालवून पैसे जमवले, त्यांच्याशी राखलेलं ते इमान आहे.

ओळखीपाळखीचा प्रश्न नाजूक असतो. सभासदाची आत्या एखाद्या संस्थेची विश्वस्त असते, जर्सीच्या प्रायोजकाच्या मनात एखादं नाव असतं. अशा संस्थांना दार बंद करायचं कारण नाही, कित्येकदा चांगलं काम ओळखीतूनच समजतं. नियम एवढाच, की ज्याचा संबंध असेल त्याने तो सभेत उघड सांगावा, माहिती द्यावी आणि मतदानातून बाजूला राहावं. प्रायोजकाकडून पैसे घेण्याआधीच त्याला हा नियम सांगावा. ज्यांना या वर्षी देता आलं नाही, त्यांना कारणासह पत्र लिही. उत्तराची वाट बघत बसणाऱ्या कार्यकर्त्याचा तो हक्क आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दरवर्षी संस्था बदलू नकोस. एका वर्षाच्या देणगीतून छपराचे पत्रे येतात, कपाट येतं, पण माणसाचा पगार पुढच्या वर्षीही द्यावाच लागतो. पुढच्या जूनमध्येही पैसे येणार आहेत हे माहीत असेल, तरच छोटी संस्था एखाद्या शिक्षिकेला नेमू शकते. म्हणून संस्था कमी घ्या, दोनच घ्या, पण तीन वर्षं धरून राहा. दरवर्षी जाऊन काम बघा आणि तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच पुढचं काय ते त्यांना सांगा.

तेव्हा येत्या सभेत अर्जांची नावं वाचण्याआधी निकषांचा ठराव मांड आणि तीन वर्षांचा शब्द त्यात लिहून घे. तो मंजूर झाला, की निवडीचं अर्धं काम झालं असं समज.

तुझा,
जुना सोबती