अडून बसलेला बोल्ट

लोखंडाला मन नसते असे आम्ही शाळेत शिकवतो. पण वर्षानुवर्षे एकाच भोकात बसलेला बोल्ट काढण्याची पाळी ज्याच्यावर आली असेल, त्याने या विधानाबद्दल शंका घेतली तर मी त्याला दोष देणार नाही.

आमच्या घरी सासऱ्यांच्या मागे राहिलेली एक प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. आमची पिंपळगावात अजून चालते, कारण सासूबाई दुसऱ्या गाडीत बसत नाहीत. गेल्या पावसाळ्यात तिचा मागचा उजवा कोपरा खचला. धाकट्या मेहुण्याने निकाल दिला, "दाजी, भंगारात घाला." सासूबाई काही बोलल्या नाहीत; फक्त त्या रात्री जेवल्या नाहीत. तेव्हा कमानपाटा अंगणातच उतरवायचे ठरले.

पाट्याच्या टोकाला डोळा असतो, डोळ्यात रबरी बुश, बुशाच्या आत लोखंडी नळी आणि नळीतून आरपार बोल्ट. नट सुटला म्हणजे काम झाले असे नवख्याला वाटते. खरे वैर नळी आणि बोल्ट यांच्या गूळपीठात असते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. बंद फटीत त्याला पसरायला वाव मिळाला नाही की तो दोघांना एकजीव करतो. आमच्याकडे आणखी एक कारण असावे. ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षबागांना बोर्डो मिश्रण लागते, आणि सासरे मोरचुदाच्या पिशव्या याच गाडीच्या डिकीतून आणीत. मिश्रणात चुना कमी पडला का हे पाहायला शेतकरी त्यात विळा बुडवतो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी. म्हणजे मोरचूद लोखंड खातो, हे इथल्या पोराटोरांना पुस्तकावाचून ठाऊक. सांडलेली ती निळी पूड पावसाच्या पाण्याबरोबर कुठवर झिरपली असेल, कोण सांगणार?

गाडी उचलून अंगाखाली लाकडी ठोकळे लावले. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणाऱ्याला मी धाडसी म्हणत नाही. दुसरा जॅक आसाखाली ठेवून बोटभर वर, बोटभर खाली करून पाहिला. पाट्याचा ताण बोल्टावर असेपर्यंत घण मारणे व्यर्थ असते. तीन संध्याकाळी तेल सोडले. नट टोकाशी चार आटे फिरवून ठेवला, म्हणजे घावाने बोल्टाचे तोंड पसरत नाही. बोल्ट तसूभर हलला नाही. (यातून वर्गातल्या काही मुलांविषयी तात्पर्य काढण्याचा मोह मास्तराला होतो, तो मी आवरतो.)

चौथ्या दिवशी मेहुणा गॅसची बत्ती घेऊन आला. तापवले की सुटते, हे खरेच आहे. पण रबर पेटते, आणि पेट्रोलची टाकी तिथून फार लांब नव्हती. "आता नाही सुटला तर गाडी जाईल, दाजी," तो म्हणाला. "आणि पेटली तर घर जाईल," मी म्हणालो. ओट्यावर सासूबाई वाती वळीत बसल्या होत्या. त्याने बत्ती विझवली.

मग बोल्टाचा लोभ सोडला. बोल्ट बाजारात मिळतो, डोळा फुटला तर पाटा कुठून आणायचा? करवतीचे पाते कापडात धरून डोळ्याच्या दोन्ही बाजूंनी कापायला घेतले. आळीपाळीने, सबंध रविवार. सात पाती मोडली. मेहुण्याच्या तळहाताला फोड आले, पण पुढे भंगाराचे नाव त्याने काढले नाही. दिवेलागणीला पाटा खाली आला, तेव्हा तोच आधी "आई!" म्हणून ओरडला.

पाट्याला नाशकातून नवा बाक देऊन आणला, बुश नवे बसवले. सासूबाई मागे बसून वेशीपर्यंत जाऊन आल्या. उतरताना म्हणाल्या, "जावईबापू, गाडी आता डावीकडं कलते वाटतं."

डाव्या बोल्टावर आज सकाळीच तेल सोडून ठेवले आहे.