वर्गणी

मोर्णा नदीने आमच्या अकोल्याचे दोन भाग केले आहेत, जुने शहर आणि नवे शहर. आमचे घर जुन्या शहरात. १३ मे २०२३ च्या रात्री समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून तेथे दगड उडाले, गाड्या जळाल्या आणि एक माणूस जिवानिशी गेला. मी तेव्हा अमरावतीला, वसतिगृहात होतो. अमरावतीची संचारबंदी मी नोव्हेंबर २०२१ मध्ये पाहिलेली होती. राजकमल चौकात भर दुपारी चिटपाखरू नव्हते. त्यामुळे आपल्याला सारे कळते, असे मला वाटत होते.

बंधने सैल झाल्यावर मूर्तिजापूरमार्गे एस.टी.ने घरी गेलो. गल्लीच्या तोंडाशी पिंजारी चाचांचे दुकान होते. कापूस पिंजायची मशीन जळून काळी पडली होती. आमच्या गल्लीतली एकूण एक गादी त्यांनी भरलेली. ‘बाहेरची पोरं होती’ असे जो तो सांगत होता. दंगलीतली पोरे नेहमी बाहेरचीच असतात!

ठाण्यात शांतता समितीची बैठक झाली. पांढरे कपडे, चहा, फोटो. आमच्या राज्यशास्त्राच्या सरांनी एकदा भिवंडीची हकिकत सांगितली होती. १९७० आणि १९८४ मध्ये ते गाव दंगलीत होरपळले. पुढे १९८८ च्या सुमारास पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांना नव्हे, वस्तीतल्या साध्या माणसांना एकत्र बसवले. किरकोळ भांडणेही तिथेच मिटू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. मी हे घरी मोठ्या ऐटीत सांगितले.

आजी म्हणाली, “बैठकीचं राहू दे बाप्पा. त्याच्याच गादीवर निजता ना? मंग?”

आणि ती वही घेऊन निघाली. मागे मी. कोणी वीस दिले, कोणी पाचशे. एकाने मात्र दारातच अडवले. “माही मोटारसायकल जळाली, आजी. ते कोन भरून देईन?” त्याचे काय चुकले? माझ्याजवळ तर उत्तर नव्हते. आजी त्याच्या ओट्यावर बसली, पाणी मागितले, बराच वेळ बसूनच राहिली. उठताना तिने वहीचे मागचे पान उघडले आणि ज्यांना द्यायचे त्यांत त्याचे नाव लिहिले.

पैसे अर्थातच पुरले नाहीत. मशीन आली ती जुनी, आणि टिनपत्रे आम्ही आपापल्या घरची उचलून नेली. मोटारसायकलवाल्याला थोडेच देता आले. त्याने ते घेतले, पण अजून तो चाचांशी बोलत नाही.

माझ्या नावापुढेही आजीने एक रक्कम लिहिली आहे. माझ्या ऐपतीपेक्षा ती जास्त होती, म्हणून तिला कौतुक वाटले. त्या रात्री वसतिगृहात मलाही एक व्हिडिओ आला होता. खराखोटा न पाहता मी तो गल्लीतल्या पोरांच्या ग्रुपवर पाठवला होता. आजीला हे सांगायचा धीर झाला नाही.

चाचांना सांगितले. ते शिडीवर उभे राहून पत्र्याला खिळे ठोकत होते. हातोडी थांबली. खाली न पाहता ते म्हणाले, “शिडी नीट धर.”