आधी बसा, मग विचारा

जागा पकडणं ही कला मला जन्मात साधली नाही. लग्नाला गेलो की मी कायम तिसऱ्या पंगतीचा. एस.टी. फलाटाला लागली की लोक खिडकीतून रुमाल, टोपी, प्रसंगी पोरगंसुद्धा आत टाकतात. मी आपला शिस्तीत चढून विचारणार, ‘‘इथं कुणी आहे का हो?’’ विचारून होईपर्यंत तिथं कुणीतरी असतंच! १९८३ साली डोळ्याच्या ऑपरेशनसाठी वडिलांना साताऱ्याहून पुण्याला नेलं, तेव्हाही असाच विचारत राहिलो. खंबाटकीचा घाट वडिलांनी उभ्यानं पार केला. बोलले काही नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

निवृत्तीनंतर प्रोग्रॅमिंग शिकायला बसलो. म्हटलं, इथं तरी उभं राहावं लागणार नाही. घरखर्चाचा हिशेब ब्राउझरमध्ये दाखवणारा एक चिमुकला सर्व्हर लिहिला. चालू केला, तर यंत्र म्हणालं, ‘पत्ता आधीच वापरात आहे.’ म्हणजे इथंही जागेचीच मारामारी!

पुतण्यानं समजावलं. प्रोग्रॅमला बसायला पोर्ट लागतो. सोळा बिटांत मावतात तेवढे नंबर, ० ते ६५,५३५. एवढ्या सीटांच्या गाडीतही मी नेमका ८००० वर हटून बसलेलो, आणि तिथं पुतण्याचा प्रोग्रॅम आधीच विराजमान! ८० वेबचा, २५ टपालाचा. १०२४ च्या खालचे नंबर युनिक्स घराण्यातल्या यंत्रांवर सहसा साध्या माणसाला मिळत नाहीत. थोडक्यात, आमदारांसाठी राखीव.

मग मी स्वभावाला जागून कोड लिहिला. ८००० पासून एकेका दारावर टकटक करायची. कुणी ओ दिली तर पुढं, नाही दिली तर ते रिकामं. ८००३ रिकामा निघाला! आनंदानं बसायला गेलो, तर तेवढ्यात पुतण्याचा दुसरा प्रोग्रॅम तिथं येऊन टेकलेला.

‘‘काका, आधी विचारायचं नाही. आधी बसायचं, मग नंबर विचारायचा.’’

त्यानं पोर्टच्या जागी शून्य टाकलं. शून्य म्हणजे ‘कंडक्टरसाहेब, तुम्ही द्याल ती सीट’. ऑपरेटिंग सिस्टीमच मग एक मोकळा पोर्ट हातात देते. मिळालेला नंबर सॉकेटला विचारायचा आणि त्यावर ब्राउझर उघडायचा. मला ५४३१२ मिळाला.

‘‘आणि नंबर बघून सॉकेट बंद करू नका हं! उठलात की गेली जागा.’’

हे ज्ञान मला चौसष्टाव्या वर्षी झालं. हिशेब आता पहिल्या फटक्यात बसतो. जमाखर्च जुळत नाही, तो भाग वेगळा.

परवा पुतण्याबरोबर एस.टी.नं निघालो. पठ्ठ्या गर्दीत घुसला, खिडकीशी बसला, आणि मी धापा टाकत पोचल्यावर स्वतःचाच नियम मोडून उठला. ‘‘बसा, काका.’’

मी बसलो. पोरगं घाटभर उभं होतं. मला मात्र सारखे वडील दिसत होते.