कोलकात्यातील आठ रविवार

महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाआधीची उन्हाळी सुटी पूर्वी आजोळी आंबे खाण्यात जात असे. आता ती परशहरातील एखाद्या कचेरीत वा प्रयोगशाळेत उमेदवारी करण्यात जाते, आणि त्या उमेदवारीला सर्वजण इंटर्नशिप म्हणतात. वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या वाट्यास, अथवा आपल्या मुलामुलीच्या वाट्यास, ही संधी कोलकात्यात आली असेल, तर एक हिशेब आधीच मांडून ठेवावा. मुक्काम दोन महिन्यांचा आणि रविवार अवघे आठ. खोली ते कचेरी आणि कचेरी ते खोली एवढ्याच वाटेने हे दिवस संपविणारे अनेक असतात. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन पाठविलेल्या पैशांतून त्यांच्या हाती एक प्रमाणपत्र तेवढे लागते.

नागपूरवरून जाणाऱ्या गाडीने हावड्यास उतरलात की टॅक्सीच्या रांगेकडे धावू नका. स्थानकासमोरच हुगळीचा घाट आहे. तेथून पलीकडे नेणारी लाँच मिळते. १९४३ साली वाहतुकीस खुला झालेला हावड्याचा पूल नदीच्या पात्रात एकही खांब न रोवता कसा उभा आहे, हे त्या लाँचमधून जसे दिसते तसे पुलावरून दिसत नाही. २०२४ पासून मेट्रो नदीखालून धावते; परतताना तिने यावे.

उन्हाळा येथे विदर्भासारखा भाजून काढीत नाही. तो घामाने भिजवून थकवितो. परंतु वैशाखातील एखाद्या तिसऱ्या प्रहरी वायव्येकडून काळे ढग चालून येतात, धूळ उठते, सरी कोसळतात आणि घटकाभरात हवा गार होते. हीच ‘कालबैशाखी’. तेव्हा रस्त्यावर असाल तर झाडाखाली उभे राहू नका, दुकानाच्या पायरीवर चढा. तेथे ओळखी होतात.

कचेरीत वडीलधाऱ्यांच्या नावापुढे ‘दा’ किंवा ‘दी’ लावण्याची येथील रीत आहे. ती पहिल्या दिवसापासून उचलावी. ‘सर’ म्हटल्याने जे अंतर राहते ते तिने मिटते. सायंकाळी काम संपल्यावर मातीच्या कुल्हडातील चहाभोवती जो ‘अड्डा’ जमतो, त्यात मागे का होईना, उभे राहावे. दिवसभर फायलीत न सापडलेले कामाचे मर्म तेथे सहज कानांवर पडते. मात्र कोणी काम देईल म्हणून वाट पाहत बसू नये. आपणहून एक लहानसे, पुरे होण्याजोगे काम मागून घ्यावे आणि निघण्यापूर्वी ते लिहून हवाली करावे.

रविवारांपैकी एक उत्तरेकडील बागबाजारासाठी राखून ठेवा. तेथे ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांचे घोडदळ बंगालवर चालून आले, तेव्हा त्या धास्तीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. तो अर्धवटच राहिला, पुढे बुजविला गेला आणि त्याच्या रेषेवर सर्क्युलर रोड झाला. आपल्या ‘बारगीर’ शब्दाचे येथे ‘बर्गी’ झाले आणि तो अंगाईगीतात बागुलबुवा होऊन बसला. जी स्वारी आपण शाळेत पराक्रम म्हणून शिकलो, तिच्या भयाने येथील आया मुलांना निजवीत आल्या. एखाद्या बंगाली घरी जेवताना हा विषय हसत हसत निघेल. तेव्हा वाद घालू नये, ऐकून घ्यावे. हवे तर सखाराम गणेश देउस्करांचे नाव काढावे. मराठी वंशाच्या या गृहस्थांनी १९०४ साली बंगालीत ‘देशेर कथा’ हे पुस्तक लिहिले, आणि पुढे इंग्रज सरकारने ते जप्त केले. हिशेब तेवढ्याने फिटत नाही, पण गप्पा पुढे सरकतात.

चौरंगीवरील भारतीय संग्रहालय १८१४ सालचे. तेथील भारहुतच्या लाल दगडी कठड्यापुढे सकाळ घालवावी. सोमवारी ते बंद असते. अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मराठी ग्रंथही आहेत. घरची आठवण फार झाली तर तेथे जाऊन बसावे. कॉलेज स्ट्रीटवर जुन्या पुस्तकांचा भाव करावा, पण विक्रेत्याने स्वतः वाचलेल्या पुस्तकाचा करू नये, तो दुखावतो. ट्राम आता मोजकीच उरली आहे. जेथे धावताना दिसेल तेथे, घाई नसेल तर, चढून घ्या.

जेवणाला जुनी ‘पाइस होटेले’ उत्तम. तेथे प्रत्येक वाटीचे पैसे वेगळे, आणि काही ठिकाणी केळीच्या पानाचेही. मासे न खाणाऱ्याने आधीच तसे सांगावे. वाढपी क्षणभर करुणेने पाहील, मग डाळ, पोस्तो आणि वांग्याचे काप आणून ठेवील.