नादाचा नाद

उतारवयांत मनुष्याला एखादा नाद असावा, असें म्हणतात. मला लागलेला नाद शब्दशः नादाचाच आहे. चौतीस वर्षें संस्कृत शिकवून शाळेंतून निवृत्त झालों आणि थोड्याच महिन्यांनीं माळ्यावरच्या एका बंद पडलेल्या रेडिओचा स्पीकर मीं काढून हातांत घेतला. तेव्हांपासून आमच्या माजघराच्या कोपऱ्यांत करवत, सरस आणि भुसा यांचें राज्य सुरू झालें. सौ.नें तें प्रथम हंसून व पुढें न हंसतां सहन केलें.

स्पीकर ही वस्तु वाटते तितकी गूढ नाहीं. लोहचुंबकाच्या फटींत तारेचें एक हलकें वेटोळें असतें. विद्युत्प्रवाह जसा पालटेल तसें तें पुढेंमागें हालतें व त्यास जोडलेला कागदी शंकु हवेस ढकलतो. अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोघांनीं १९२५ सालीं जी रचना प्रसिद्ध केली, तिच्याच तत्त्वावर आजचेहि बहुतेक स्पीकर चालतात.

माझा पहिला प्रयोग फसला. उघडा स्पीकर मेजावर ठेवून तबला ऐकूं गेलों, तर डग्गा पत्र्याच्या डबीसारखा वाजूं लागला. कारण सोपें निघालें. शंकु पुढें सरला कीं समोरची हवा दाटते आणि त्याच क्षणीं पाठीमागची विरळ होते. खर्जाच्या लहरी लांब असतात. सेकंदास शंभर आवर्तनांच्या स्वराची लहर जवळजवळ साडेतीन मीटरांची. त्या सहज वळसा घालून पुढच्या लहरींस गांठतात व दोन्ही परस्परांचा नाश करतात. शब्द सर्व दिशांस कसा पसरतो, हें सांगण्यासाठीं नैयायिकांनीं कदंबाच्या कळ्यांचा दृष्टांत दिला आहे. तरुणपणीं मीं तो पाठ केला होता. त्याचा अर्थ मात्र त्या दिवशीं मेजापाशीं कळला.

मग मागच्या लहरी कोंडण्याचा उद्योग सुरू झाला. प्रथम माठाच्या तोंडावर स्पीकर बसविला. खर्ज आला, पण प्रत्येक स्वरांत माठच बोलूं लागला. नंतर अठरा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची बंद पेटी केली, सांधे सरसानें व लांबीनें बुजविले, आंत आडवी पट्टी बसविली आणि जुन्या गादीचा कापूस सैल भरला. तंबोऱ्याचा भोपळा घुमला पाहिजे. स्पीकरच्या पेटीनें मात्र मौन पाळावें, हा दोहोंतला भेद हौशी वाचकानें ध्यानांत ठेवावा. बोटाच्या पेरानें ठोकतांच पेटी न घुमतां नुसती ‘ठक्’ म्हणाली, त्या दिवशीं मला परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा आनंद झाला.

उरले वरचे स्वर. त्यांसाठीं ट्वीटर नांवाचा लहान स्पीकर आणला आणि वाटेंत ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला. आठ ओहमांच्या ट्वीटरला जोडल्यास तो सुमारें ४,२०० आवर्तनांखालील स्वर उत्तरोत्तर क्षीण करतो. ट्वीटरचा आवाज माफक राहावा म्हणून एक रोधहि जोडला. परंतु सकाळीं आकाशवाणीवरील संस्कृत वार्ता लावल्या कीं ऊष्म वर्ण मला अस्पष्ट वाटत. मीं रोध काढून टाकला; तरी समाधान होईना.

त्याच सुमारास माझी दहा वर्षांची नात संध्याकाळीं माझ्यापाशीं स्तोत्रें म्हणावयास बसे. ‘स’ गिळूं नकोस, म्हणून मी तिला रोज टोकीत असें. ‘स्वजना’चा ‘श्वजन’ केला तर आप्ताचा कुत्रा होतो, हा दाखला मीं इतक्यांदां ऐकविला कीं अखेर तिनें बसणेंच सोडलें. सूनबाई कांहीं बोलली नाहीं. पण तिच्या मौनाचा अर्थ मला कळत नव्हता असें नाहीं.

एके दिवशीं मीं दुसरा ट्वीटर जोडून पेटी सुरू केली, तोंच नात कानांवर हात ठेवून धांवत आली. “आजोबा, बंद करा ना! किती टोंचतो तो ‘स’! साप फुसफुसल्यासारखा!”

मी स्तब्ध झालों. जो ‘स’ मला ऐकूंच येत नव्हता, तो तिला टोंचत होता.

आठवड्यानें कानाच्या डॉक्टरांनीं माझ्या श्रवणाचा आलेख समोर ठेवला. त्यांतली रेघ उजवीकडे कड्यावरून घसरल्यासारखी खालीं गेली होती. वयाबरोबर उंच आवर्तनें प्रथम जातात आणि ‘स’मधील घर्षणाचा बराचसा ध्वनि चार हजारांच्या वरच असतो, हें त्यांनीं शांतपणें समजाविलें. दोन वर्षें मी पेटी दुरुस्त करीत होतों. दोष पेटींत नव्हता. नातीच्या उच्चारांतहि नव्हता.

नातवंडाची क्षमा मागण्याची आपल्याकडे रीत नाहीं. मला तें जड गेलें, पण मागितली. ती म्हणाली, “मग आतां तुम्ही जोडा, मी ऐकतें.” त्या रविवारीं मी डाख देत होतों आणि ती समोर बसून माझी परीक्षा घेत होती. दुसरा ट्वीटर निघाला, रोध परत आला. पेटी तिच्या कानांनीं जुळली. माझ्या कानांसाठीं श्रवणयंत्र घेतलें.

नात पुन्हां स्तोत्रास बसते. यंत्र लावून प्रथम ऐकलें, तेव्हां तिचा ‘स’ स्वच्छ दंत्य होता. बहुधा तो पूर्वींहि तसाच असावा.